दाते असलेला रूळ

मंडणगड तालुक्यात रेल्वे नाही. उत्तरेला सावित्रीची खाडी, पश्चिमेला बाणकोट-वेळासचा समुद्र आणि मधला सगळा मुलूख डोंगर-उताराचा. गाडी पकडायची तर खेड गाठायचे, नाहीतर खाडी ओलांडून वीर किंवा माणगाव. तिथवर एसटी. म्हाप्रळला खाडीचा काठ सोडला की रस्ता मंडणगडच्या दिशेने चढू लागतो. ड्रायव्हर गिअर उतरवतो, इंजिनाचा आवाज जड होतो आणि भरलेली बस वळणे घेत वर येते. आषाढातल्या पावसातही येते.

याच चढावर रूळ टाकले आणि बसच्या जागी भरलेली आगगाडी उभी केली, तर ती अशी वर येईल का? इंजिन बसच्या कितीतरी पट ताकदीचे घेतले तरी खात्री देता येणार नाही. चाके जागच्या जागी गरगरतील आणि गाडी तसूभरही हलणार नाही. पाऊस असेल तर ती मागेच घसरू लागेल. इंजिनात ताकद भरपूर आहे, पण ती रुळाला लागू होत नाही, ही डोंगरातल्या रेल्वेची मूळ अडचण. तिच्यावर जे उपाय निघाले त्यांतला सर्वांत विलक्षण म्हणजे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवायची आणि इंजिनाच्या पोटाखाली त्या दात्यांत अडकणारे चाक लावायचे. भारतात असा मार्ग नीलगिरीत आहे. सह्याद्रीत मात्र रेल्वेने इतके घाट ओलांडले, तरी तिथे हा उपाय कोणी वापरला नाही. तो का वापरला नाही, हे समजायचे तर आधी दाते नेमके काय काम करतात ते पाहायला हवे.

पकडीचा हिशेब

रेल्वेचा सगळा फायदा एका गोष्टीत आहे: पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी विरोधाने लोळते. सपाट मार्गावर एक टन वजन ढकलत ठेवायला चार-पाच किलोंचा जोर पुरतो. पण ज्या गुळगुळीतपणामुळे हे साधते, त्यामुळेच चाकाची रुळावरची पकड कमी असते. कोरड्या डांबरावर रबरी टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत जाते. रुळावर दव, शेवाळ, तेल किंवा पालापाचोळ्याचा चिखल असेल तर ती दहा टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून आखणी करताना अभियंता वीस टक्के, म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा धरून चालतो आणि पावसाळ्याची धास्ती वेगळी ठेवतो.

आता चढ. रेल्वेत चढ प्रमाणात सांगतात. १:३७ म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. अशा चढावर प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलोंची ओढ मागे खेचत असते. १:१२ वर ती ८३ किलो होते. ही ओढ डब्यांना असते तशी इंजिनालाही असते, आणि सगळा खेळ इथेच बिघडतो.

समजा, ५० टनांचे इंजिन आहे आणि त्याचे सगळे वजन फिरत्या चाकांवर आहे. पाचव्या हिश्श्याच्या पकडीने ते १० टनांचा जोर लावू शकते. १:१५० च्या मंद चढावर ते जवळपास ९०० टनांची गाडी ओढेल. १:३७ वर २७० टन. १:१२ वर त्याचा जवळजवळ निम्मा जोर स्वतःलाच वर चढवण्यात खर्च होतो आणि मागे ६५ टन उरतात. एवढ्यात पाऊस आला आणि पकड दहाव्या हिश्श्यावर आली की १:३७ वर ११० टन तरी निघतात. १:१२ वर फक्त सात. सात टन म्हणजे एक रिकामा डबासुद्धा नाही.

या आकड्यांत इंजिनाची अश्वशक्ती कुठेही आलेली नाही. इंजिन दुप्पट ताकदीचे केले तरी ते फक्त जागच्या जागी जास्त जोरात चाके फिरवील. ते दुप्पट जड केले तर ओढही दुप्पट वाढते आणि रूळ-पूलही भारी लागतात. शिवाय हा झाला वर जाण्याचा हिशेब. उतरताना ब्रेकही याच पकडीच्या भरवशावर असतात. पकड दहा टक्के आणि उतार आठ टक्के असेल तर गाडीचे प्रत्येक चाक ब्रेकने आवळूनही हाती फारसे काही राहत नाही. दातेरी पट्टीची खरी गरज चढण्यापेक्षा उतरताना जास्त असते.

सपाटीवरचे पहिले दाते

गंमत अशी की दातेरी रूळ डोंगरासाठी जन्माला आलाच नाही. इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या मिडलटन कोळसा खाणीसाठी जॉन ब्लेंकिन्सॉप याने १८११ मध्ये दातेरी रुळाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी मॅथ्यू मरे याने बांधलेले 'सॅलामांका' इंजिन त्या मार्गावर कोळसा ओढू लागले. रुळाच्या बाहेरच्या कडेला दाते होते आणि इंजिनाच्या एका बाजूचे मोठे दातेरी चाक त्यांत फिरत होते. तेव्हाचे बिडाचे रूळ ठिसूळ, म्हणून इंजिन हलके ठेवणे भाग होते. आणि हलक्या इंजिनाची गुळगुळीत चाके पुरेशी पकड धरतील यावर खाणमालकांचा विश्वास नव्हता.

१८१३ च्या सुमारास विल्यम हेडली याने वायलम खाणीत प्रयोग करून दाखवून दिले की वजन पुरेसे असेल तर साधे चाकही ओझे ओढते. त्यानंतर रेल्वे जगभर पसरली ती साध्या चाकांवर. सपाटीवर दात्यांची गरज संपली आणि तो विचार मागे पडला. अर्धशतकानंतर डोंगरांनी तो पुन्हा वर काढला.

खंडाळ्याचे उत्तर

त्या मधल्या काळात, सह्याद्रीला रेल्वेने पहिल्यांदा तोंड दिले. मुंबईहून पुण्याकडे जायचे तर बोरघाट चढणे भाग होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने घाटाची आखणी केली आणि १८५६ मध्ये काम सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरांत ५५० मीटरांहून अधिक उंची गाठायची होती. त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले आणि सर्वांत तीव्र चढ १:३७ ठेवला गेला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवले. ऐन भरात असताना घाटावर ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. १८६३ मध्ये घाट खुला झाला, पण तो पाहायला बर्कली राहिला नव्हता. आदल्याच वर्षी त्याचे निधन झाले होते.

बर्कलीने दाते वापरले नाहीत, कारण डोंगरी मार्गासाठी सिद्ध झालेली दातेरी व्यवस्था तेव्हा जगात नव्हतीच. त्याने चढ साध्या चाकाला झेपेल एवढाच ठेवला आणि उंचीसाठी लांबी वाढवली. कड्यावर वळण घ्यायला जागा उरली नाही तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी तिथे एका तोंडाने शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. उतरणारी गाडी सुटलीच, तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर नेऊन थांबवणाऱ्या कॅच सायडिंग ठेवल्या. घाट चढताना जादा इंजिने लावण्याची रीत तर आजही चालू आहे. कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी बँकर इंजिने लोणावळ्यापर्यंत ती ढकलत नेतात. मागून ढकलण्याचे दोन फायदे: डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर सगळा ताण येत नाही आणि एखादे कपलिंग तुटले तरी मागे आधार असतो.

थोडक्यात, बोरघाटाने पकड वाढवली ती चाकांची संख्या वाढवून. तीन इंजिने म्हणजे तिप्पट पकड. दात्यांनी तीच अडचण निराळ्या रीतीने सोडवली.

तीन तऱ्हेचे दाते

अमेरिकेत सिल्व्हेस्टर मार्श याचा माउंट वॉशिंग्टनवरचा दातेरी मार्ग १८६९ मध्ये शिखरापर्यंत पोचला. युरोपात स्विस अभियंता निक्लाउस रिगेनबाख याचा फित्सनाउ-रिगी मार्ग १८७१ मध्ये सुरू झाला. रिगेनबाखची पट्टी म्हणजे दोन उभ्या लोखंडी पट्ट्यांमध्ये ठरावीक अंतरावर बसवलेल्या आडव्या दांड्या. इंजिनाचे दातेरी चाक या दांड्यांमध्ये दाते रोवत पुढे सरकते. रचना दणकट, पण वजनदार. शिवाय एक दाता सुटून दुसरा लागताना थोडा धक्का बसतो.

रिगेनबाखच्याच हाताखाली काम केलेल्या रोमान आब्ट याने १८८२ मध्ये यावर तोडगा काढला. त्याने सपाट पोलादी पट्टीच्या वरच्या काठावरच दाते कापले आणि अशा दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या, पण एकीचे दाते दुसरीच्या खाचांसमोर येतील अशा. इंजिनाचे चाकही दोन चकत्यांचे, तितकेच मागेपुढे सरकवलेले. त्यामुळे एका पट्टीतला दाता सुटायच्या आत दुसऱ्या पट्टीतला दाता घट्ट बसलेला असतो. भार कधीच एका दात्यावर नसतो आणि चाल नितळ होते. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या मार्गावर १८८५ मध्ये ही पद्धत आली, आणि तिथे एकच इंजिन सपाटीवर साध्या चाकांनी आणि चढावर दात्यांनी चालू लागले.

चढ याहून तीव्र झाला की वेगळाच धोका उभा राहतो. दात्यांवर दाब आला की त्या दाबाचा काही भाग चाकाला वर उचलू पाहतो. चढ जितका तीव्र, तितके इंजिनाचे वजन रुळावर कमी दाबते आणि चाक दात्यांवरून उसळून बाहेर यायची भीती वाढते. वेल्समधल्या स्नोडन मार्गावर ६ एप्रिल १८९६ ला, उद्घाटनाच्याच दिवशी, उतरणाऱ्या एका इंजिनाचे दाते सुटले. इंजिन दरीत कोसळले. डबे ब्रेकवर थांबले, पण भीतीने उडी मारलेला एक प्रवासी दगावला. त्यानंतर तिथे दातेरी पट्टीच्या दोन्ही बाजूंना पकड देणारे जादा पोलाद बसवले गेले, जेणेकरून इंजिन वर उचललेच जाऊ नये. स्वित्झर्लंडमधल्या पिलाटुस मार्गावर चढ तर जवळजवळ १:२ इतका आहे. १८८९ मध्ये सुरू झालेला हा मार्ग बांधताना एडुआर्ड लोखर याने दाते पट्टीच्या वरच्या काठावर न ठेवता दोन्ही बगलांना कापले. दोन आडवी चाके पट्टीला दोन्हीकडून धरून चालतात. दात्यांतून वर उसळायची वाटच बंद.

नीलगिरीचे इंजिन

नीलगिरीसाठी रिगेनबाखनेही १८८० च्या दशकात योजना मांडली होती. प्रत्यक्षात बांधला गेला तो आब्ट पद्धतीचा मार्ग. १८९९ मध्ये तो मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचला. मीटर गेजचा हा ४६ किलोमीटरांचा मार्ग ३२६ मीटरांवरून २२०३ मीटरांपर्यंत चढतो. सुरुवातीचे काही किलोमीटर सपाट; मग कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात रुळांच्या मध्ये दाते सुरू होतात आणि चढ १:१२ च्या घरात जातो. कुन्नूरच्या पुढे पुन्हा साधा रूळ. २००५ मध्ये युनेस्कोने या मार्गाचा जागतिक वारशात समावेश केला.

इथली एक्स वर्गाची वाफेची इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात १९१४ पासून तयार झाली. बाजूने पाहिले की एकावर एक असे दोन सिलिंडर दिसतात. दोन्ही बाजूंचे मिळून चार. खालची जोडी साधी चाके फिरवते, वरची जोडी दातेरी चाके.

दोन वेगळ्या जोड्या कशाला? साधी चाके आणि दातेरी चाके एकाच दांडीने बांधून टाकली असती तर काम सोपे झाले नसते का? नसते, कारण साधे चाक झिजते. त्याचा व्यास १० मिलिमीटरने कमी झाला की एका फेऱ्यात ते ३१ मिलिमीटर कमी अंतर कापते. दातेरी चाकाला अशी सूट नाही. त्याचा हिशेब दात्यांनी पक्का ठरलेला. दोन्ही एकत्र बांधली तर त्यांच्यात सतत ओढाताण होईल, आणि तिचा भार शेवटी दात्यांवर पडेल. ज्या मार्गावर सगळीकडे दातेच असतात, उदाहरणार्थ स्नोडनवर, तिथे साध्या चाकांना जोर दिलाच जात नाही. ती फक्त वजन पेलत मोकळी फिरतात. पण नीलगिरीसारख्या मिश्र मार्गावर साध्या चाकांनाही काम करावे लागते, म्हणून दोन स्वतंत्र यंत्रणा.

विंटरथूरच्या अभियंत्यांची खरी हुशारी या दोन यंत्रणांना जोडण्यात आहे. सपाटीवर बॉयलरमधली वाफ खालच्या सिलिंडरांत शिरते, काम करते आणि धुराड्यातून बाहेर पडते. दातेरी टप्पा सुरू झाला की ड्रायव्हर झडप फिरवतो आणि खालच्या सिलिंडरांतून निघालेली वाफ बाहेर न जाता वरच्या सिलिंडरांत जाते. एकदा वापरलेल्या वाफेचा उरलेला दाब दात्यांच्या कामी येतो. प्रसरण पावलेल्या वाफेला जास्त जागा लागते. त्यासाठी वरचे सिलिंडर मोठे करण्याऐवजी त्यांचे दट्टे गिअर लावून खालच्यांपेक्षा वेगाने चालवले आहेत. तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या म्हणजे जास्त वाफेला जागा.

यातून आपोआप साधणारी गोष्ट तर फारच सुंदर आहे. पावसात खालची चाके घसरून वेगाने फिरू लागली की त्यांच्या सिलिंडरांतून जास्त वाफ वर ढकलली जाते. त्यामुळे वरच्या सिलिंडरांत दाब वाढतो आणि दात्यांचा जोर वाढतो. हाच वाढलेला दाब खालच्या दट्ट्यांना मागून अडवतो आणि त्यांचे घसरणे आवरतो. साध्या चाकांनी हात टेकले की भार आपसूक दात्यांकडे जातो. ड्रायव्हरने काही करण्याआधी वाफेनेच वाटणी बदललेली असते.

सपाट टप्प्यावरून दात्यांत शिरणे हीसुद्धा नाजूक गोष्ट. चालत्या इंजिनाचा दाता पट्टीच्या दात्यावर आपटला तर दोन्ही तुटतील. म्हणून पट्टीचा सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो. दाता चुकीच्या जागी पडला तर तो तुकडा दबतो, चाक किंचित सरकते आणि दाता खाचेत बसतो. मग पक्की पट्टी सुरू होते.

पाणी आणि उतार

डोंगरात बॉयलरचीही परीक्षा असते. बॉयलरमधले पाणी नेहमी आडव्या पातळीत राहते; बॉयलर मात्र मार्गाबरोबर कलतो. चार मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये १:१२ च्या चढावर दोन टोकांच्या पाण्यात ३३ सेंटिमीटरांचा फरक पडतो. फायरबॉक्सचे छत पाण्याखाली असलेच पाहिजे. ते उघडे पडले तर तापून मऊ होते आणि बॉयलर फुटू शकतो. काचनळीतली पाण्याची पातळी वाचताना इंजिन चढावर आहे की सपाटीवर, हे ड्रायव्हरला सतत ध्यानात ठेवावे लागते. रिगीच्या पहिल्या इंजिनांचे बॉयलर म्हणूनच उभे होते. स्नोडनच्या इंजिनांचे बॉयलर पुढे झुकलेले आहेत, म्हणजे चढावर ते आडवे येतात. पिलाटुसला चढ इतका भयंकर होता की बॉयलर रुळांना आडवाच बसवला. मग मार्ग कितीही कलो, पाणी दोन्ही टोकांना सारखेच.

उतरताना प्रश्न उष्णतेचा. १०० टनांची गाडी कुन्नूरहून कल्लारला सुमारे १३०० मीटर खाली येते तेव्हा तिच्यातून सुटणारी ऊर्जा जवळजवळ पाचशे लिटर पाण्याची वाफ करण्याइतकी असते. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांत जिरवायची म्हटले तर ते लाल होतील आणि वाटेतच निकामी होतील. इथेही उपाय रिगेनबाखचाच. उतरताना इंजिनाची वाफ बंद करायची आणि सिलिंडरांनाच हवेचे पंप बनवायचे. दट्टे बाहेरची हवा ओढून घेतात आणि दाबतात. ती दाबायला लागणारी ताकद गाडीला मागून धरून ठेवते. हवा दाबली की तापते, म्हणून सिलिंडरांत थोडे पाणी सोडतात. त्याची वाफ होऊन उष्णता बाहेर जाते. ड्रायव्हर हवा बाहेर सोडायची झडप कमी-जास्त करून वेग ठरवतो. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत. ते संकटासाठी राखून ठेवलेले असतात. याखेरीज दातेरी चाकांचा वेगळा ब्रेक आहे आणि प्रत्येक डब्यावर इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक लावणारा माणूस. इंजिन नेहमी उताराकडच्या टोकाला: चढताना मागून ढकलते, उतरताना पुढे राहून अडवते.

माथेरानने दाते का नाकारले

नीलगिरीचा मार्ग कुन्नूरपर्यंत पोचल्यावर आठच वर्षांनी, १९०७ मध्ये, सह्याद्रीत माथेरानची गाडी सुरू झाली. नेरळपासून सुमारे ७६० मीटर चढायचे होते. १:१२ च्या दातेरी मार्गाला त्यासाठी जेमतेम नऊ किलोमीटर लागले असते. माथेरानने २१ किलोमीटरांचा मार्ग घेतला. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची चिकाटी, आणि आखणीत बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा हात. गेज अवघे ६१० मिलिमीटर, चढ १:२० पर्यंत, आणि वळणे इतकी आखूड की काहींची त्रिज्या १८ मीटरांच्या आसपास.

१:२० वर इंजिन कोरड्या रुळावर स्वतःच्या वजनाच्या अडीचपट गाडी ओढू शकते, ओल्या रुळावर स्वतःएवढीही नाही. म्हणजे वजनाचा प्रत्येक किलो फिरत्या चाकांवर हवा. पुढेमागे नुसते भार वाहणारे चाक चालणार नाही. पण सगळी चाके एकमेकांना दांड्यांनी बांधलेली असली तर इंजिन ताठ होते आणि अशा वळणांत अडकते. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने माथेरानसाठी बांधलेल्या, ७३८ ते ७४१ क्रमांकांच्या चार इंजिनांत यावर क्लिएन-लिंडनर पद्धतीचा आस वापरला. टोकाच्या चाकांचा आस पोकळ असतो आणि त्याच्या आत दुसरा भरीव आस. आतला आस दांड्यांनी जखडलेला, ताठ फिरणारा. मध्यभागी असलेल्या गोलाकार सांध्यातून तो बाहेरच्या पोकळ आसाला फिरवतो. बाहेरचा आस मात्र चाकांसकट वळणाप्रमाणे थोडा तिरका होऊ शकतो. सहाही चाके जोर लावतात आणि टोकांची चारही वळतात. यांतले ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

नीलगिरीने पकड दात्यांकडून उसनी घेतली. माथेरानने ती इंजिनाच्या वजनातूनच पुरेपूर वसूल केली, आणि त्याची किंमत लांबीत मोजली.

सौदा

दात्यांचा हिशेब आता मांडता येईल. दाते मिळाले की मार्ग आखूड होतो, बोगदे आणि पूल कमी लागतात, पावसाची भीती उरत नाही. बदल्यात वेग जातो. नीलगिरीची गाडी दातेरी टप्प्यावर ताशी १३ किलोमीटरांच्या आसपास चालते. दात्यांना सतत वंगण लागते. आणि तो मार्ग त्याच्या खास इंजिनांशी कायमचा बांधला जातो. म्हणूनच तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याला एकविसाव्या शतकातही नीलगिरीसाठी वाफेची नवी इंजिने बांधावी लागली. जिथे मार्ग डोंगरमाथ्यावर संपतो आणि गाड्या मोजक्याच असतात, तिथे हा सौदा परवडतो. बोरघाटातून मात्र मुंबई बंदराचा माल दख्खनमध्ये चढत होता. तिथे दाते बसवले असते तर सगळी वाहतूक त्यांच्यापाशी येऊन तुंबली असती.

पुढे बोरघाटाचा प्रश्न विजेने हलका केला. १९२९ मध्ये घाटावर विजेच्या गाड्या आल्या आणि रिव्हर्सिंग स्टेशनही गेले. तिथल्या मालगाड्यांसाठी आलेली, रेल्वे कर्मचाऱ्यांत 'खेकडा' नावाने ओळखली गेलेली विजेची इंजिने लांब, सांध्याच्या शरीराची होती. त्यांतली पहिली काही विंटरथूरच्याच कारखान्यात बांधली गेली होती. नीलगिरीला दाते देणाऱ्या कारखान्याने सह्याद्रीसाठी पुन्हा साधी चाकेच दिली, फक्त जास्त.

कोकण रेल्वेने तर दुसरे टोक गाठले. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर सर्वसाधारण कमाल चढ १:१५० ठेवला आहे. डोंगर चढायचाच नाही, भेदायचा. म्हणून ९० हून अधिक बोगदे आणि सुमारे २००० पूल. हे चारही पर्याय मंडणगडच्या भूगोलावर ठेवून पाहावेत. समजा, खाडीच्या काठावरून ३०० मीटर उंचीच्या सड्यावर रेल्वे न्यायची आहे. कोकण रेल्वेच्या चढाने ४५ किलोमीटर लागतील. बोरघाटाच्या चढाने ११. माथेरानच्या चढाने ६. नीलगिरीच्या दात्यांनी साडेतीन-पावणेचार. लांबी बारापट कमी होते ती फुकट नाही: पहिल्या मार्गावर एक इंजिन ९०० टन घेऊन जाईल आणि शेवटच्यावर तेच इंजिन दात्यांशिवाय पावसात जेमतेम सात टन नेईल. म्हणून मार्ग आखणारा अभियंता डोंगर किती उंच आहे हे विचारण्याआधी त्यावरून दिवसाला किती टन जाणार आहेत हे विचारतो. चढ ठरतो त्या उत्तरावर, आणि दाते हवेत की नकोत हेही.